कुकर फुटला, बियाणं उगवलं नाही, बॅटरी पेटली: तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात कधी टिकतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात सदोष वस्तूची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "भरपाई किती मिळेल?" असा असतो. तज्ज्ञ, लॅब, अहवाल हे विषय पुढच्या तारखांना निघतात आणि तोवर फुटलेला कुकर भंगारवाल्याकडे गेलेला असतो. म्हणून पक्षकार आणि नवे वकील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या प्रकरणाचे कागद बघितल्याशिवाय कोणीही छातीठोक सल्ला देऊ नये, आणि दिला तर तुम्ही तो घेऊ नये.

प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच का?

नाही. सीलबंद बाटलीत झुरळ दिसत असेल, तर ते झुरळ आहे हे सांगायला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक बोलवावा लागत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणांतसुद्धा सरसकट तज्ज्ञाचं मत मागू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. जे उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी अहवालाची गरज नाही.

मात्र दोष धातूच्या आत, बियाण्याच्या गर्भात किंवा बॅटरीच्या सेलमध्ये असेल तर तज्ज्ञाशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. त्यानुसार दोष दाखवावा लागतो आणि त्याच दोषामुळे इजा झाली हेही दाखवावं लागतं. पहिली गोष्ट बरेच जण सिद्ध करतात. घसरतात ते दुसऱ्या गोष्टीवर.

कायद्याच्या भाषेत तज्ज्ञ कोण?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याचं कलम ३९ म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं कलम ४५. विज्ञान, कला, परदेशी कायदा, हस्ताक्षर, बोटांचे ठसे हे विषय पूर्वीपासून होते, त्यात आता "इतर कोणतंही क्षेत्र" अशी भर पडली आहे. त्या विषयात विशेष कौशल्य असलेली व्यक्ती म्हणजे तज्ज्ञ. डिग्रीची अट कलमात नाही.

हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराने त्या विषयाचा खास अभ्यास केलेला असावा किंवा त्यातला खास अनुभव मिळवलेला असावा. त्या खटल्यात प्रश्न सफरचंदाच्या बागांचा होता. उद्यान अधिकाऱ्याने बागांची उत्पादनक्षमता सांगितली, पण तिला पुरेशा आकडेवारीचा आधार नव्हता आणि ते मत टिकलं नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंब बागायतदारांनी हा निकाल लक्षात ठेवावा. झाडाला कोणता रोग झाला हे सांगणारा शास्त्रज्ञ आणि त्यामुळे किती टन माल गेला हे सांगणारा माणूस एकच असेल असं नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाने "हा तेल्या आहे" असं लिहून दिलं, तरी त्यावरून नुकसानीचा आकडा आपोआप सिद्ध होत नाही.

आमच्या नवी पेठेतला कुकर दुरुस्त करणारा तज्ज्ञ ठरेल का?

शिट्टी मूळ कंपनीची आहे की नाही, गास्केट किती जुनं, झाकण नीट बसतं का, एवढ्यापुरता ठरू शकतो, कारण हात त्याच्यावरच बसलेला असतो. तुटलेल्या धातूचा पृष्ठभाग बघून जुनी चीर कोणती आणि ताजी कोणती, हे मात्र त्याच्या तोंडी घालू नका. उलटतपासात पाच मिनिटांत उघडं पडेल आणि त्याच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडेल.

अहवाल 'ग्राह्य' झाला म्हणजे कोर्टाने तो मान्य केला का?

सगळा गोंधळ इथेच आहे.

ग्राह्य म्हणजे पुराव्यात वाचता येतो, एवढंच. त्याला निशाणी क्रमांक (कोर्टातल्या पुराव्याचा नंबर) पडला म्हणजे त्यातला निष्कर्ष खरा ठरला असं होत नाही. तज्ज्ञाचं मत सल्ल्यासारखं असतं आणि निर्णय न्यायाधीशाचा असतो. तज्ज्ञाने न्यायाधीशाला निष्कर्ष तपासून बघण्याची शास्त्रीय साधनं द्यायची असतात, असंही जयलाल निकालात म्हटलं आहे. "माझ्या मते दोष उत्पादनातला आहे" हे एक वाक्य आणि खाली सही-शिक्का, असे अहवाल आजही येतात. त्यांना फारसं वजन मिळत नाही आणि मिळूही नये.

साक्ष्य अधिनियमाचं कलम ४५ (नवं कलम ४५, जुन्याशी गल्लत नको) सांगतं की मत जिथे विचारात घेता येतं, तिथे त्यामागची कारणंही विचारात घेता येतात. माझ्या मते तज्ज्ञाच्या पुराव्यातलं सर्वांत कामाचं कलम हेच आहे, आणि सर्वांत कमी वापरलं जाणारंही. अहवाल हातात आला की शेवटच्या पानावरचा निष्कर्ष सगळे वाचतात. त्याआधी वाचायचं ते हे: नमुना कुठून आला, कोणत्या स्थितीत आला, कोणती चाचणी केली, ती कोणत्या मानकाप्रमाणे, मोजमाप काय आलं, आणि दुसरी संभाव्य कारणं का वगळली. शेवटचा मुद्दा नसेल तर बाकीचा अहवाल कितीही जाडजूड असो, तो लंगडाच.

लॉच्या मुलांचा प्रश्न: अमेरिकेतली 'डॉबर्ट' कसोटी आपल्याकडे लागू आहे का?

लागू नाही. पण समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९२३ च्या फ्राय निकालापासून, शास्त्रीय तंत्र त्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य आहे का, एवढंच बघितलं जायचं. १९९३ मध्ये डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाऊ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय कोर्टांसाठी पद्धत बदलली. प्रश्न होता गरोदरपणातल्या मळमळीवरच्या बेंडेक्टिन या औषधाचा. त्यामुळे बाळांत जन्मजात व्यंग आलं, असं पालकांचं म्हणणं. कोर्टाने ठरवलं की तज्ज्ञाची साक्ष ज्यूरीपुढे जाण्याआधीच न्यायाधीशाने तिची पद्धत तपासायची: सिद्धांत पडताळून बघता येतो का, इतर शास्त्रज्ञांनी तो तपासला आहे का, चुकीचं प्रमाण किती, चाचणीला ठरलेली मानकं आहेत का, आणि त्या क्षेत्रात मान्यता किती. गंमत म्हणजे नवी कसोटी पालकांच्या अपिलातून आली, पण प्रकरण खाली परत गेल्यावर त्यांच्याच तज्ज्ञांची साक्ष पुन्हा नाकारली गेली.

१९९९ चा कुम्हो टायरचा निकाल मला जास्त शिकवणारा वाटतो. मागचं टायर फुटून मिनीव्हॅनला अपघात झाला आणि एक प्रवासी दगावला. टायर १९८८ चं, गाडी वापरलेली घेतलेली, टायरची नक्षी काही ठिकाणी पार झिजलेली, पंक्चर नीट न काढलेली. वादीच्या तज्ज्ञाचं म्हणणं असं की टायरचा गैरवापर झाला असेल तर चार खुणा दिसतात, त्यातल्या दोनसुद्धा सापडल्या नाहीत तर दोष कंपनीचा समजायचा. त्याने टायर डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून हे ठरवलं होतं. टायरवर गैरवापराच्या काही खुणा होत्या, त्या त्याने किरकोळ म्हणून सोडल्या. किती किरकोळ, कशावरून, याचं उत्तर नव्हतं. कोर्टाने अनुभवाला नाही म्हटलं नाही. अनुभवातून काढलेली पद्धतही विश्वासार्ह असल्याचं दाखवावं लागेल, असं म्हटलं.

आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे दारातच अडवणारी अशी वेगळी सुनावणीही नाही. अहवाल बहुधा आत येतो आणि त्याची खरी परीक्षा शेवटच्या युक्तिवादात होते. शेतकऱ्याच्या किंवा भाजलेल्या गृहिणीच्या दृष्टीने हे बरं आहे, कारण दारावरची लढाई पैशाची असते. पण त्याच दारातून कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा अहवालही आत येतो, हे विसरू नका. डॉबर्टमधले पाच प्रश्न आपल्याकडे दार बंद करायला चालत नाहीत. उलटतपासाची यादी म्हणून मात्र ते उत्तम चालतात.

घरात कुकर फुटला. सगळ्यात आधी काय करायचं?

आधी दवाखाना. तिथे एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होऊ द्या. "घरगुती अपघात" एवढं मोघम न लिहिता "प्रेशर कुकर फुटल्याने भाजले" असं लिहिलंय ना, ते बघून घ्या.

नंतर कुकर. तो धुवू नका. हे तीनदा लिहायला हवं, कारण घरातली शहाणी माणसं पहिल्यांदा ओटा आणि कुकरच धुऊन काढतात. शिट्टीखालच्या नळीत अडकलेली तूरडाळ हा पुरावा आहे. ती नळी पूर्ण बुजली होती की अर्धी, यावर निम्मा खटला उभा असतो. कंपनी म्हणणार: ग्राहकाने नळी साफ ठेवली नाही. तुमचा तज्ज्ञ म्हणणार: नळी बुजली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून किंवा गास्केट बाहेर येऊन वाफ सुटायला हवी होती. ही दुसरी सोय असते ती नेमकी अशाच वेळेसाठी. ती का चालली नाही, हा तपासाचा गाभा. व्हॉल्व्ह मूळचा होता की बाजारातला, गास्केटला जागा सोडणारी झाकणाच्या कडेची खाच नीट होती का, झाकण पूर्ण फिरून बसलं होतं का, तुटलेल्या कडेवर जुनी काळपट चीर आहे की सगळीकडे ताजी चकाकी, हे सगळं वस्तूवरच लिहिलेलं असतं. स्क्रबरने घासलं की गेलं.

सगळे तुकडे, छताला लागून पडलेली शिट्टीसुद्धा, जसेच्या तसे खोक्यात ठेवा. उचलण्याआधी जागेवरचे फोटो काढा, दोन शेजाऱ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घ्या. पोलिसांत नोंद झाली असेल तर पंचनाम्याची प्रत मागा. खोकं कुणाकडे राहिलं, कधी कुणाला दिलं, याची तारखेनिशी नोंद ठेवा. बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका आणि तळावरचा आयएसआय शिक्का यांचे फोटो वेगळे. प्रेशर कुकरला आयएस २३४७ हे मानक सक्तीचं आहे. शिक्काच नसेल तर विक्रेत्यालाही जाब द्यावा लागेल.

आणि कुकर कंपनीच्या माणसाला "तपासून परत आणतो" म्हटला म्हणून देऊन टाकू नका. द्यावाच लागला तर लेखी पोच घ्या.

आधी खासगी लॅबमधून तपासून घेतलं तर चालेल का?

नुसतं बघून, मोजून, फोटो काढून मत घेत असाल तर चालेल. कापून, वितळवून, तोडून करायची चाचणी मात्र एकतर्फी करू नका. एकदा कापलेला तुकडा समोरच्याला पुन्हा तपासता येत नाही, आणि मग तुमचा अहवाल खरा असला तरी संशयाच्या सावलीत जातो. करायचीच असेल तर कंपनीला नोटीस देऊन, तिच्या माणसासमोर आणि अर्धा नमुना राखून.

आयोग स्वतः नमुना तपासायला पाठवतो का?

हो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये तशी रीतसर सोय आहे. चाचणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग नमुना घेऊन सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. योग्य म्हणजे सरकारची मान्यता असलेली, किंवा कायद्याने स्थापन झालेली आणि सरकारी निधीवर किंवा अनुदानावर चालणारी. अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो, मुदत वाढवता येते. चाचणीची फी तक्रारदाराला भरायला सांगता येते. अहवाल आला की तो दोन्ही बाजूंना मिळतो. ज्याला निष्कर्ष किंवा चाचणीची पद्धतच पटत नाही, त्याने लेखी हरकत घ्यायची आणि आयोगाने दोघांचं ऐकायचं.

यासाठी अर्ज तक्रारीसोबतच द्या. कलमाप्रमाणे साधी तक्रार तीन महिन्यांत आणि चाचणीची पाच महिन्यांत निकाली निघायला हवी. हे कागदावर. अर्ज उशिरा दिला तर तेवढाही आधार राहत नाही. अर्जात "तपासणी व्हावी" एवढंच लिहू नका. लॅबला कोणते प्रश्न विचारायचे ते क्रमाने लिहून द्या. प्रश्न मोघम गेला की उत्तरही मोघम येतं.

सोयाबीन उगवलंच नाही. पिशवीतलं सगळं पेरलं, तपासायला बी उरलं नाही. केस गेली का?

गेली नाही. बार्शीकडून दर पावसाळ्यात येणारा हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. १९९८ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्सच्या आणि २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: शेतकरी सगळं बी पेरतो, पुढे तपासणी होईल म्हणून मूठभर राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याच लॉटचा नमुना कंपनीकडे असतो, तिला वाटलं तर तिने तो आयोगापुढे आणावा. "तुम्ही विकायला पिकवता, म्हणजे व्यापारी, ग्राहक नाही" हा बचावही २०१२ मध्ये फेटाळला गेला.

पण एवढ्यावर जिंकलो असं समजू नका. उगवण न होण्याला बी सोडून इतर कारणं असतात आणि कंपनी तीच मांडणार. सोयाबीनचं टरफल नाजूक, गोण्या आपटल्या तरी उगवणशक्ती घटते. बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर कोंब वर येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्या आणि तक्रार निवारण समितीची पाहणी उगवणीच्या दिवसांतच होईल असं बघा. दुबार पेरणी करून झाल्यावर समिती काय बघणार?

पंचनाम्यात या गोष्टी येतील असा आग्रह धरा: ठरावीक लांबीच्या ओळीत किती रोपं, माती उकरून न उगवलेलं बी किती खोल आणि कोणत्या अवस्थेत, पेरणीची तारीख, तुमच्या महसूल मंडळाचा त्या दिवसांचा पाऊस. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे शेजारची तुलना. त्याच पावसात, तसल्याच जमिनीत, दुसऱ्या लॉटचं बी उगवलं आणि या लॉटचं दोन-तीन गावांत उगवलं नाही, हे नोंदलं गेलं तर कंपनीची निम्मी कारणं तिथेच गळतात. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्तीचं प्रमाण आहे. पिशवीचं लेबल, लॉट नंबर आणि बिल सांभाळा. कंपनीला पाहणीची सूचना गेली होती याचा कागदही हवा, नाहीतर "आमच्या अपरोक्ष केलं" हे ऐकावं लागतं.

समितीने फक्त "उगवण कमी आढळली" एवढंच लिहिलं असेल तर तो अहवाल अपुरा आहे. उगवण कमी हे तुम्हालाही दिसतंय. कमी का, ते लिहायला हवं.

कंपनीच्या अहवालात "ग्राहकाचा गैरवापर" असं लिहून आलंय. आता?

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर बचाव मिळतो, म्हणून हे वाक्य जवळपास ठरलेलंच असतं. अहवाल कंपनीच्याच नोकराचा असला तरी त्या कारणावरून फेकला जात नाही, फक्त वजन कमी होतं. त्याला विचारा: वस्तू तुम्ही प्रत्यक्ष बघितली की फोटोवरून? गैरवापराची कोणती खूण सापडली? ती खूण दोषामुळेही येऊ शकते का? या मॉडेलच्या आणखी तक्रारी आल्या होत्या का? माहितीपुस्तिकेत या धोक्याची सूचना कुठल्या पानावर आहे, आणि ती मराठीत आहे का?

तज्ज्ञाचा उलटतपास ग्राहक आयोगात होतो का?

सुनावणी मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर आणि कागदांवर चालते. तरी सबळ कारण दाखवून उलटतपास मागता येतो. बहुधा लेखी प्रश्नावली देतात. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनेही होतो, त्यामुळे पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ सोलापूरला आणण्याचा खर्च वाचतो. साक्ष्य अधिनियम आयोगाला काटेकोरपणे लागू नाही, पण त्यातली तत्त्वं वापरायला कुणाची आडकाठी नसते. दिवाणी कोर्टात मात्र साग्रसंगीत सरतपास-उलटतपास, आणि शास्त्रीय तपासासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली कमिशनर नेमून घेता येतो.

ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला असताना पेटली. सगळं जळून गेलं, तपासायचं काय?

जळालेला सांगाडासुद्धा बरंच सांगतो: आग कुठल्या सेलपासून सुरू झाली, चार्जरच्या वायरीला आधी झळ लागली की नंतर. तो हलवण्याआधी अग्निशामक दलाचा दाखला घ्या. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड हमखास फेकून दिले जातात, ते ठेवा.

पुराव्याचा दुसरा साठा कंपनीकडे असतो. बऱ्याच गाड्या तापमान, व्होल्टेज, चार्जिंगच्या नोंदी अ‍ॅपमार्फत सर्व्हरवर पाठवतात. पहिल्याच नोटिशीत ही माहिती जपून ठेवायला सांगा आणि तक्रारीसोबत ती हजर करण्याचा अर्ज द्या. इलेक्ट्रॉनिक नोंद असल्याने साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागा. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. कंपनीने माहिती दडवली तर आयोग तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकतो.

"आमची बॅटरी एआयएस-१५६ प्रमाणित आहे" हे उत्तर येणार. २०२२ मध्ये देशभर ई-दुचाकी पेटल्यावर हे मानक कडक झालं, हे खरं. पण प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं. तुमच्या घरात पेटलेला नग त्याच मोजमापाचा होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. "सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हामुळे झालं" असंही एक उत्तर येतं. सोलापुरात गाडी विकताना ऊन माहीत नव्हतं का, हा प्रश्न तज्ज्ञाला जरूर विचारावा.

आमचे चार यंत्रमाग आहेत. मोटार जळून आग लागली. आम्ही ग्राहक का?

स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेतलं असेल तर हो. मोठा कारखाना असेल तर दिवाणी कोर्टाचा रस्ता. विद्युत निरीक्षकांचा अहवाल दोन्हीकडे लागेल.

यूट्यूबवर अशाच कुकरचा व्हिडिओ आहे. तो दाखवू का?

तो तज्ज्ञाला दाखवा. आयोगाला नुसता व्हिडिओ दाखवून काही सिद्ध होत नाही.

मुदत, फी आणि अपील?

कारण घडल्यापासून दोन वर्षं. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत दाखल फी नाही. तुम्ही सोलापुरात राहत असाल तर कंपनी कुठलीही असो, तक्रार इथेच करता येते. वस्तूचीच किंमत परत हवी असेल तर ती सदोष मालाची साधी मागणी म्हणून वेगळी लिहा, कारण उत्पादन दायित्वातल्या इजेच्या व्याख्येत ती वस्तू स्वतः धरलेली नाही. भाजलेला हात, जळालेलं घर, मानसिक त्रास हे त्यात येतं. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. तिथे नवा अहवाल जोडू म्हणून पहिल्या फेरीत ढिलाई करू नका. तो आधी का दिला नाही, याचं पटणारं कारण द्यावं लागतं.